पूजेनंतरचं पहिलं भोक

आप्पा, आपल्या बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या शॉपमधलं ते हिरवं ड्रिल मशीन आठवतं ना, ज्याचं हँडल ओढून ओढून तुमचा उजवा खांदा गेला? तसंच एक मशीन इथं कोइमतूरला आहे. रंग निळा, बाकी सगळं तेच. आणि ते आता पायानं चालतं. हातानं ओढावं लागत नाही, ड्रिल तुटत नाही, जॉब फिरत नाही. मी केलं. सरळ सांगून टाकतो, कारण फिरवून सांगायला मला येत नाही, आणि आठवीनंतर एवढं लांब काही लिहिलेलंही नाही. शुद्धलेखन बघू नका. हे ऐकायला तुम्ही पाहिजे होतात, बाकी कुणाला यातलं निम्मंही कळणार नाही, म्हणून वही घेऊन बसलो. आज रविवार आहे, शॉप बंद, खोलीवरची पोरं पिक्चरला गेलीत.

तुमचं काम मला अजून समोर दिसतं. लूमच्या लोखंडी पट्ट्या पोत्यातून येतात. तुम्ही एक पट्टी टेबलावर ठेवता, डाव्या हातानं दाबून धरता, उजव्यानं हँडल खाली ओढता. ड्रिल उतरायला लागतं, कीस गुंडाळ्या होऊन वर येतो. आणि ड्रिल पट्टीच्या खालून निघायच्या बेतात आलं की तुम्ही बोलणं बंद करता. शेठ समोर उभा असला तरी बंद. लोखंड अडवत असतं तोवर ड्रिल गुमान चालतं, पण खाली मोकळं सापडलं की ते एकदम उडी मारतं, पट्टीला चावतं, आणि मग एक तर ड्रिल तुटतं नाही तर पट्टी हातातून सुटून भिंगरीसारखी फिरते. त्या शेवटच्या केसाएवढ्या जागेत तुमचं सगळं अंग त्या एका हातात गोळा झालेलं असायचं. दिवसाला शेकड्यानं भोकं, आणि प्रत्येक भोकाला ती एक उडी अडवायची. घरी आल्यावर तुम्ही डाव्या हातानं केस विंचरायचात. जेवताना हात वर जायचा नाही म्हणून मान खाली आणून घास घ्यायचात. आई ते बघायची आणि भाकरी मोडून ताटात ठेवायची, आणि तुम्ही चिडायचात, मी काय लहान पोरगा आहे का म्हणून.

मी पंधरा वर्षांचा होतो, शाळा सोडलेली, आणि मला कुठं चैन नव्हती. मला वाटलं, तुमचा हात सोडवायचा तर पाय कामाला लावायचा. आईचं शिलाई मशीन मोडून पडलं होतं, त्याचं पायडल काढून ठेवलं, सायकलच्या दुकानातून जुनी चेन आणली, आणि दिवसाची वाट बघत राहिलो. कारण मशीन तुमच्या हाताखालून मोकळं कधी व्हायचंच नाही. मोकळं व्हायचं ते फक्त दसऱ्याला. त्या दिवशी सकाळी तुम्ही मशीन पुसून चकचकीत करायचात, हळदकुंकू लावायचात, ड्रिल धरणाऱ्या चकवर झेंडूची माळ, टेबलावर आपट्याची पानं. आणि मग दिवसभर त्याला कुणी बटण दाबायचं नाही, पाना लावायचा नाही. तुमचा तो पक्का नेम होता. बाराही महिने ते आपल्यासाठी राबतं, एक दिवस त्याला झोपू द्या, असं तुम्ही शेठलाही सुनावायचात. पुरणपोळी खाऊन दुपारी तुम्ही आडवे झालात आणि मी खिळ्यावरची चावी काढून शॉपमध्ये गेलो.

पायडल बसलं. चेन बसली. पण दाबून बघतो तर जड, मशीन सारखं वर ओढतंय. तुम्हाला ठाऊक आहे, डाव्या अंगाला एक गोल डबी असते, तिच्यातली स्प्रिंग ड्रिलला परत वर उचलते. मला वाटलं हीच खोडा घालतेय. डबी खोलली, स्प्रिंग काढली, खिशात टाकली. आता पायडल एवढं हलकं की अंगठ्यानं दाबलं तरी ड्रिल खाली. मी एकटा त्या बंद शॉपमध्ये हसलो, आप्पा. बस, खांद्याचं दुखणं मिटलं असं मला वाटलं. कुंकवाचे ठसे पुसू नयेत म्हणून हात सांभाळून मी बाकी सगळं परत जसंच्या तसं केलं, माळसुद्धा सरळ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात, पायडल बघितलं, माझ्याकडे बघितलं. पट्टी ठेवली आणि पाय ठेवला. ड्रिल उतरायला लागलं आणि तुमचा चेहरा जरासा मोकळा झालेला मी पाहिला. खोटं नाही सांगत, पाहिला. मग ड्रिल खालून निघालं आणि धाडकन पूर्ण खाली पडलं, पट्टीला चावलं, पट्टी फिरली आणि तुमच्या डाव्या अंगठ्याचं नख घेऊन गेली. शेठ धावला, लूमवाले दोघं बसले होते ते उठले. तुम्ही अंगठा मुठीत धरून आधी मला एवढंच विचारलं, "दसऱ्याच्या दिवशी पाना लावलास तू याला?" मी हो म्हटलं. मग सगळ्यांसमोर म्हणालात, "माझे हात गेले नाहीत अजून. पायानं कमवायची वेळ आली की मी माझा घरी बसेन." पायडल तुम्ही स्वतः उपटून भंगारात टाकलंत. एका हातानं, रक्त गळत असताना.

आता जे कधी सांगितलं नाही ते सांगतो. तुम्ही पट्टी बांधायला डॉक्टरकडे गेलात आणि तेवढ्यात मी खिशातली स्प्रिंग डबीत परत बसवली. तुम्ही आलात, हँडल ओढलं, मशीन पहिल्यासारखं चाललं. त्यामुळे सगळ्यांचं एकच म्हणणं झालं, पायडलच फालतू होतं, आणि सणाच्या दिवशी मशीनला छेडलं त्याची शिक्षा मिळाली. तुम्ही तेच धरून बसलात. स्प्रिंग काढलेली होती हे तुम्हाला कळलंच नाही. कळलं असतं तर कदाचित तुम्हीच म्हणाला असतात, गाढवा, स्प्रिंग ठेवून परत लाव. मी भ्यालो. मार पडेल म्हणून भ्यालो नाही, तुम्ही मला कधी मारलं नाहीत. तुम्ही गप्प बसाल म्हणून भ्यालो. दोन वर्षं आपण जरुरीपुरतंच बोललो आणि एक दिवस मी पिशवी घेऊन बसमध्ये बसलो. बसनं इच्छापूर सोडलं, महाराष्ट्र लागला, आणि मी मागं वळून बघितलं नाही म्हणून स्वतःला शाबासकी दिली. तुम्ही गेलात तेव्हा मी राजकोटला होतो. पोचेपर्यंत सगळं झालं होतं. त्यालाही आता नऊ वर्षं झाली.

राजकोट सोडलं, मग पुण्याकडे वर्षभर, तिथंही पाय टिकला नाही. फिरत फिरत इथं आलो. हे शॉप पंपाची झाकणं करतं. बिडाची गोल झाकणं, प्रत्येकाला सहा भोकं. मला काम मिळालं कानस मारायचं, भोकांच्या कडेला राहिलेली धार घासून काढायची. आणि ड्रिलवर एक बाई होती. पन्नाशीची असेल, केसात रोज मोगरा, कमरेला पदर खोचलेला. सगळे तिला अक्का म्हणतात, मीपण. ती मला तंबी म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. मी पाळण्यात असल्यापासून ती त्या मशीनवर आहे. हिंदी तिला तोडकीमोडकी येते, मला तमिळ तेवढीही नाही, तरी ती माझी मस्करी करायची ती सगळी मला कळायची. माझी कानस चालताना बघून म्हणायची, तंबी, दोसा खरवडतोस का?

खरं सांगायचं तर पहिल्या दिवसापासून माझा डोळा तिच्या मशीनवर होता. कानस मारायला मी एवढ्या लांब आलो नव्हतो. तिची ड्रिलं तुटायची, दिवसाला तीन, कधी चार. एक दिवस मालकानं मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नाही. म्हणाला, अक्काचा खांदा गेला, हात आता थरथरतो, झाकणं वाया जातात. आयुधपूजेनंतर ती घरी बसेल, मशीन तू घे. पूजेला अठरा दिवस होते. मी हो म्हटलं आणि खुशीत दोन चहा प्यालो. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे डबे खायला बसलो. अक्कानं सांबारभात कालवला, घास घेतला, आणि हात वर नेण्याऐवजी मान खाली आणली.

माझं जेवण तिथंच थांबलं, आप्पा. डबा बंद केला आणि मालकाच्या टेबलापाशी गेलो. त्याला म्हटलं, पूजेपर्यंत थांबा, मशीन मी हलकं करून देतो, अक्का राहू दे. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. विचारलं, कुठं शिकलास? म्हटलं, घरी. म्हणाला, आणि बिघडवलंस तर? मग तोच म्हणाला, "खराब किया तो अक्का भी जाएगी, तुम भी जाएगा." मी म्हटलं, ठीक आहे. बोलून गेलो आणि मग लक्षात आलं की माझ्याकडे एकच अक्कल आहे, पंधराव्या वर्षीची, आणि ती एकदा फसलेली आहे.

जेवणाच्या सुटीत मी रोज त्या मशीनपुढं नुसता उभा राहायचो. अक्काला म्हटलं, तू ड्रिल मार, मी बघतो. आणि एके दिवशी मी मशीनकडे बघायचं सोडून तिच्या हाताकडे बघितलं. ओढताना हात ठीक होता. थरथरायचा तो शेवटी, भोक पडायच्या क्षणाला, जेव्हा तिला हँडल ओढतानाच मागं धरून ठेवावं लागायचं. डबीतली स्प्रिंग म्हातारी झाली होती, वर ओढायचा तिच्यात दम नव्हता, आतल्या चाकाच्या दातांमध्ये ढिलाई आली होती, आणि तेवढ्या ढिलाईत ड्रिल उडी मारायचं. ती उडी अक्काचा खांदा अडवत होता. स्प्रिंगचं काम खांदा करत होता! तुमचा खांदा ओढून ओढून गेला असं मी आयुष्यभर धरून चाललो. तो अडवून अडवून गेला. आणि मी मूर्ख, जी काय थोडी मदत तुमच्या मशीनच्या स्प्रिंगची होत होती, तीपण काढून खिशात घातली होती.

त्यानंतर मात्र माझं डोकं धावायला लागलं. स्प्रिंगचा भरवसा सोडला. एक फुटकं झाकण घेतलं, तारेला बांधलं, तार मशीनच्या खांबामागं कप्पीवरून घेतली आणि ड्रिलला वर ओढायला टांगून ठेवलं. वजन कधी म्हातारं होत नाही. ते सारखं वर ओढतं, त्यामुळे दात दाताला टेकूनच राहतो, ढिलाई संपली. हे वजन हाताला जड गेलं असतं, पण पायाला काय त्याचं, पाय तर अख्खा माणूस उचलून फिरतो. मग पायडल केलं, या वेळी जाड पट्टीचं, चांगलं वेल्ड करून. तरी उडीची भीती मनातून जाईना. भंगारवाल्याकडे स्कूटरचा मागचा शॉकअप मिळाला. त्याची वरची स्प्रिंग काढून टाकली, आतली तेलाची नळी तेवढी ठेवली. ती नळी हळू ओढली तर सरकते, झटका दिला तर अडून बसते. म्हणजे ड्रिल सावकाश खाली जाईल आणि उडी मारायला गेलं की तेल म्हणेल, थांब.

पहिल्यांदा मी तो उलटा बसवला. शॉकअप दाबायला सोपा असतो आणि खेचायला जड, हे ठाऊक असून उलटा बसवला. मशीन खाली सुळकन जायचं आणि वर येताना रडायचं. अक्कानं पायडल बघितलं, शॉकअप बघितला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तंबी, कपड़ा सिलेगा कि स्कूटर चलाएगा?" सगळं शॉप हसलं. मी पण हसलो, पण कान तापले होते. दोन दिवस मोडतोड करून तो सुलटा केला, खाली जाताना खेचला जाईल असा. तोवर पूजा उद्यावर आली होती. मशीन जोडून झालं, पण चालवून बघायला वेळ नव्हता. मालक म्हणाला, पहिलं भोक आता पूजेनंतर.

इथं पूजा नवमीला असते, आपल्या खंडेनवमीला. चंदन लावतात, केळीचे खुंट बांधतात, दारात कोहळा फोडतात, चुरमुरे आणि चणे वाटतात. आणि मशीनला त्या दिवशी कुणी हात लावत नाही. तोच नेम, आप्पा, एवढ्या लांब येऊनही तोच. मी कोपऱ्यात स्टुलावर चुरमुरे खात बसलो होतो आणि तिथून मला दिसलं की शॉकअपच्या खालचा एक नट ढिला आहे. पाना माझ्या मागच्याच फळीवर. दोन सूत फिरवायचा, बस. कुणी बघतही नव्हतं. मी उठलो, फळीपर्यंत गेलो, आणि हात धुवून परत चुरमुरे घ्यायला गेलो. अख्खा दिवस त्या नटाकडे बघत काढला. तुमचं ऐकायला मला बारा वर्षं लागली.

इथं दसऱ्याला काम पुन्हा सुरू करतात, त्या सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन तो नट आवळला. मग मालक आला, बाकीचे आले, अक्का आली, आज मोगरा जरा जास्तच. मशीनच्या पाया पडली, चपला काढल्या आणि अनवाणी पाय पायडलवर ठेवला. मी झाकण शिकंज्यात पक्कं बांधून दिलं, हातात धरू दिलं नाही. मालकाच्या हातात छडी नव्हती, पण उभा होता तो शाळेतल्या मास्तरसारखा. अक्कानं पाय दाबला. ड्रिल उतरलं. बिडाची काळी भुकटी भोवती जमायला लागली. मी ड्रिलकडे बघतच नव्हतो, तिच्या उजव्या हाताकडे बघत होतो. तो हात काय करावं ते न कळल्यासारखा हवेत जरासा उचललेला, उडी अडवायला तयार. अर्धं भोक झालं, पाऊण झालं. मी बोलणं बंद केलं होतं, सगळ्यांनीच केलं होतं. आणि मग काहीच झालं नाही. झटका नाही, आवाज नाही. अक्का दाबतच होती, मालक म्हणाला, अजून किती? मी वाकून खाली बघितलं. ड्रिलचं टोक केव्हाच आरपार निघून टेबलाच्या खाचेत आलं होतं, आणि आम्हा कुणालाही ते कळलं नव्हतं.

अक्कानं पाय उचलला. वजनानं ड्रिल आपोआप वर नेलं. तिनं भोकात बोट घालून बघितलं, मला हाक मारली, माझं बोट धरून घातलं. कडेला धार नव्हती. कानस मारायची गरजच नव्हती, माझं जुनं काम तिथल्या तिथं मेलं. ती दुसरं झाकण मागायला लागली, मग तिसरं, आणि उजवा हात तिनं खाली मांडीपाशी सोडून दिला. एवढ्या वर्षांत तो हात कामाच्या वेळी खाली आलेला कुणी पाहिला नव्हता. संध्याकाळपर्यंत एक ड्रिल तुटलं नाही. मालकानं स्वतः बूट काढून पाय मारून बघितला, मग त्याच्या भावाला बोलावलं, त्यानंही मारला. बाजूच्या शेडमधले येऊन शॉकअपला हात लावून बघतात आणि विचारतात, स्कूटर कुठली? अक्का तिच्या मशीनवर आहे, पुढंही राहणार, मालकानं तिला माझ्यासमोर सांगितलं. मला त्यानं उरलेली दोन मशीनं दिलीत, तशीच करून द्यायला. कानस आता दुसरं कुणी मारतं. मी शॉपमध्ये शिरलो की म्हणतात, पायडलवाला आला. तुम्ही भंगारात फेकलेलं पायडल, आप्पा. ते बरोबर होतं. मी चूक होतो, पण ते बरोबर होतं.

पहिल्या भोकानंतर चारेक दिवसांनी अक्कानं जेवताना विचारलं, घरी सांगितलंस का? म्हटलं, सांगितलं. मग विचारलं, अप्पाला? इथं बापाला अप्पाच म्हणतात. तिनं ते असं सहज म्हटलं की माझ्या तोंडून हो निघून गेलं. व्हिडिओ पाठवला, म्हटलं. ती घास थांबवून म्हणाली, "क्या बोले?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुम्ही कुणाच्या कामाला चांगलं म्हटलेलं मी उभ्या जन्मात ऐकलं नाही. तरी मी म्हणालो, "बोले, अच्छा बनाया." तिनं मान डोलावली, जसं काही तुम्ही हेच म्हणणार हे तिला माहीत होतं. तेव्हापासून त्या शेडमध्ये तुम्ही जिवंत आहात. ती एक दिवसाआड तुमची चौकशी करते आणि मी सांगतो, बरे आहेत. हे मी मागं घेणार नाही.

दिवाळीच्या आधी तिनं स्टीलच्या डब्यात घरी तळलेले मुरुक्कू दिले, आपल्या चकलीसारखेच, जरा बारीक. अप्पाला दे म्हणाली, माझ्याकडून. बुऱ्हाणपूरला जाईन तेव्हा आईला देऊ, असं मी ठरवलं होतं. हे पत्र काही कुठं टाकायचं नाही, वहीतच राहील, म्हणून खरं लिहून ठेवतो. तुमच्या वाटणीचा तो डबा मी तीन दिवसांत एकट्यानं संपवला. खोलीवरच्या पोरांना एकही दिला नाही.